‘डिस्कोर्स ऑन लीकेज’ आणि इतर शंका

या वेळी आलेल्या पत्रांतली बरीचशी मुलुंड-घाटकोपरकडची आहेत, उरलेली बोरिवली-अंधेरीची. तक्रार सगळ्यांची साधारण एकच: इंग्रजी येतं, पण चारचौघांत, कागदावर किंवा साहेबासमोर ते अंगावर नीट बसत नाही. कोणाचंच नाव देत नाही. सगळ्यांना आपापल्या सोसायटीत राहायचं आहे.

शंका : मी मुलुंड पूर्वेतल्या एका गृहनिर्माण सोसायटीचा मानद सचिव आहे. आमच्याकडे मराठी, गुजराती, तमिळ, मल्याळी अशी कुटुंबं असल्याने नोटीस इंग्रजीतूनही काढावी लागते. गच्चीच्या गळतीसाठी सभा बोलावताना मी विषय लिहिला ‘डिस्कोर्स ऑन टेरेस लीकेज’. ‘टॉक’ फारच घरगुती वाटलं म्हणून जरा भारदस्त शब्द घेतला. तर एका सभासदांनी लिफ्टपाशी उभं राहून ती नोटीस मोठ्याने वाचली आणि लोक हसले. चूक काय झाली?

समाधान : व्याकरणाची चूक एकही नाही, म्हणून तर लोक हसले. डिस्कोर्स म्हणजे एकाच माणसाने एका विषयाचं केलेलं लांबलचक, मुद्देसूद विवेचन. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३७ साली विचारपद्धतीवर लिहिलेला ग्रंथ इंग्रजीत याच शब्दाने ओळखला जातो. चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स लंडनच्या रॉयल अकॅडमीत १७६९ पासून विद्यार्थ्यांपुढे जी भाषणं देत असे, तीही ‘डिस्कोर्सेस’. तुमच्या नोटिशीचा अर्थ असा झाला की सचिव गच्चीच्या गळतीवर प्रवचन करणार आहेत आणि सभासदांनी सतरंजीवर बसून ऐकायचं आहे. आजकाल विद्यापीठांत आणि वर्तमानपत्रांत हा शब्द एखाद्या विषयावर समाजात चालू असलेल्या एकूण बोलण्यासाठीही वापरतात, पण गच्चीच्या गळतीपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

इंग्रजीतले हे शब्द वजनावर निवडायचे नसतात. कोण बोलतंय, कोणाशी, आणि शेवटी निर्णय कोणाच्या हातात आहे, एवढं बघायचं. तुमची गळतीच घ्या. पाणी कुठून येतंय हे तुम्ही स्ट्रक्चरल ऑडिटरला विचारता, ते कन्सल्टेशन: मत त्याचं, निर्णय तुमचा. सभासद एकत्र बसून बोलतात ते डिस्कशन. कार्यकारी समिती आलेले सगळे दर पुढ्यात ठेवून, हे परवडेल का, ते टिकेल का, असं तोलून बघते ते डिलिबरेशन. या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला तराजूच आहे. आणि कंत्राटदाराला ‘अहो, एवढे कसे?’ म्हणत खाली आणता ते निगोशिएशन. गळती एक आणि शब्द चार, पण त्यातला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कंत्राटदाराशी कन्सल्टेशन केलंत तर तो म्हणेल तो दर द्यावा लागेल. नोटिशीत मात्र यातलं नामच नको. ‘टू डिस्कस अँड डिसाइड अपॉन रिपेअर्स टू द टेरेस’ लिहा. ‘डिसाइड’ विसरू नका. नुसतं ‘डिस्कस’ लिहिलेल्या विषयावर ठराव झाला की पुढच्या महिन्यात उपनिबंधकांकडे तक्रार घेऊन जाणारा एक सभासद प्रत्येक इमारतीत असतोच.

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला आणखी तीन शंका होत्या, त्याही उरकतो.

‘क्लिअर डेज’ म्हणजे सुट्ट्या सोडून दिवस नव्हे. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही वगळून मधले पूर्ण दिवस. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेला असे १४ दिवस लागतात. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, त्यामुळे गणपती आणि नोटीस बहुतेक वर्षी एकाच सुमारास दारात येतात. ‘कोरम’ हा लॅटिन शब्द, अर्थ ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडमध्ये न्यायाधीश नेमण्याच्या जुन्या सनदांत ‘ज्यांच्यापैकी अमुक एक हजर असावा’ असा मजकूर असे, त्यातला एक शब्द तुटून सगळ्या जगाच्या सभांना चिकटला. आपल्याकडे एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा २०, यातला जो आकडा कमी तो कोरम. आणि ‘मिनिट्स’चं घड्याळाशी नातं आहे, पण चुलत. दोन्ही शब्द ‘बारीक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आले. एक तासाचा बारीक तुकडा, दुसरं बारीक अक्षरात घेतलेलं टिपण. मिनिट्स भूतकाळात लिहायची, विशेषणं काढून लिहायची आणि कोण कोणाच्या अंगावर धावून गेलं ते लिहायचं नाही. ‘मेंबर्स एक्स्प्रेस्ड कन्सर्न’ या तीन शब्दांत मुंबईतल्या हजारो आरडाओरडी सुखाने झोपलेल्या आहेत.

‘युनॅनिमसली’ मात्र जपून वापरा. त्याचा अर्थ सगळ्यांनी बाजूने मत दिलं. काहीजण गप्प राहिले आणि विरोध कोणी केला नाही, तर इंग्रज ‘नेम कॉन’ म्हणतात. आपल्याकडे ‘एकमताने’ आणि ‘बिनविरोध’ हे दोन शब्द त्यासाठी पहिल्यापासून वेगळे आहेत, फक्त नोटीस इंग्रजीत काढली की आपण ते विसरतो.

शंका : अंधेरी पूर्वेला सीप्झजवळच्या एका कंपनीत मी काम करते. अमेरिकन क्लायंटकडच्या एका बाईंनी माझ्या मॅनेजरला कळवलं की माझे मेल ‘अब्रप्ट’ वाटतात. मला रडू यायचं बाकी होतं. मी प्रत्येक वाक्यात ‘प्लीज’ नाहीतर ‘काइंडली’ घालते. ‘प्लीज सेंड द फाइल बाय टुडे’, ‘काइंडली रिव्हर्ट’, ‘वी विल डिस्कस अबाउट धिस टुमॉरो’. यात उद्धट काय आहे?

समाधान : काहीच नाही, तुम्ही मनात मराठी बोलत असाल तोपर्यंत.

मराठीत आदर क्रियापदात बसलेला असतो. ये, या, यावं. तू, तुम्ही, आपण. त्यामुळे मराठीत हुकूम देऊनही माणूस नम्र राहू शकतो. ‘बसा’, ‘सांगा’, ‘फाइल पाठवा’ ही तिन्ही आज्ञार्थी वाक्यं आहेत, पण त्यात कोणाला आज्ञा ऐकू येत नाही, कारण शेवटचा ‘आ’ सगळं सांभाळून घेतो. इंग्रजीतही एके काळी ‘दाऊ’ आणि ‘यू’ अशी आपल्या तू-तुम्हीसारखी जोडी होती. अठराव्या शतकापर्यंत ‘दाऊ’ रोजच्या शिष्ट बोलण्यातून निघून गेला. प्रार्थनेत उरला, काही बोलींत उरला, आणि सगळे समान मानणाऱ्या क्वेकर पंथीयांनी तो मुद्दाम धरून ठेवला. म्हणजे इंग्रजीत आज शिपायालाही ‘यू’ आणि पंतप्रधानालाही ‘यू’, पण देवाला जुन्या वळणाने अरे-तुरे.

मग आदर गेला कुठे? तो वाक्याच्या बांधणीत गेला. ‘प्लीज सेंड द फाइल’ हे प्लीज लावलेलं का होईना, फर्मानच आहे. इंग्रज कानाला त्यात वरच्या अधिकाऱ्याचा सूर लागतो, आणि ‘काइंडली’ने तो उलट वाढतो, रेल्वेच्या फलकावरच्या सूचनेसारखं वाटतं. त्याऐवजी प्रश्न करा: ‘कुड यू सेंड द फाइल टुडे?’ समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवली, हीच तिथली ‘अहो’. काम मोठं असेल तर आणखी एक पायरी मागे सरकायचं: ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...’ इथे अनेकजण विचारतात, विचारायचं आत्ता आहे, मग भूतकाळ कशाला? शेजाऱ्याकडे गाडी हलवायला सांगायला जाता तेव्हा दारात काय म्हणता आठवा. ‘जरा काम होतं.’ काम आत्ताच आहे, पण ‘होतं’. उसने पैसे मागायचे असले की ‘मी म्हणत होतो...’ अशी सुरुवात होते. मागणी भूतकाळात ढकलली की ती थोडी लांब जाते आणि समोरच्याच्या अंगावर येत नाही. हे आपल्याला जन्मतः येतं. इंग्रजी लिहायला बसलो की शाळेतला ‘प्लीज’ तेवढा आठवतो, इतकंच.

आता सुटे शब्द. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको; ते आपलं ‘बद्दल’ आहे, मागच्या दाराने आलेलं. ‘वी विल डिस्कस धिस’ म्हणा. ‘डिस्कशन’ हे नाम असेल तेव्हा ‘अबाउट’ चालेल. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं. भारतात, तसंच सिंगापूर-मलेशियाकडे, तो ‘उत्तर देणं’ म्हणून रुळला आहे, पण अमेरिकेतल्या बाईंना तुम्ही त्यांना कोणत्या पूर्वस्थितीला जायला सांगताय हा प्रश्न पडू शकतो. ‘रिप्लाय’ सोपा आहे. ‘डू द नीडफुल’ची मला कीव येते. हा अस्सल इंग्लंडचा, व्यापारी आणि सरकारी पत्रांतला शब्दप्रयोग. तिथे जुना होऊन गेला, इथे कचेऱ्यांतून टिकला, आणि आता त्याच्या माहेरचेच त्याला परका म्हणतात. ‘प्रीपोन’ला मात्र मी दोष देणार नाही. शब्द आपला आहे, गरजेतून आला आहे आणि ऑक्सफर्डच्या कोशाने त्याला आत घेतलं आहे. तरी परदेशी मेलमध्ये ‘कॅन वी मूव्ह द मीटिंग अप?’ लिहिलंत तर गोंधळ टळेल.

एका क्रियापदापासून मात्र खरोखर सांभाळा: ‘टेबल’. ब्रिटिश आणि आपल्याकडच्या सभांत विषय ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला घेणं. अमेरिकेत नेमकं उलटं, बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या लष्करी बैठकीत यावरून लांब आणि चांगलाच कडवट वाद झाल्याचं चर्चिलने आपल्या युद्धेतिहासात लिहिलं आहे. दोन्ही पक्षांना तो विषय तातडीने चर्चेला घ्यायचाच होता, हे नंतर लक्षात आलं. तुमच्या क्लायंटला हा शब्द लिहून पाठवू नका.

शंका : बोरिवलीत मुलाच्या प्रवेशासाठी शाळेने आम्हा दोघांना ‘इंटरॅक्शन’साठी बोलावलं आहे. यांचं इंग्रजी बरं आहे, माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंटरॅक्शन आणि इंटरव्ह्यू यात फरक काय, आणि मी काय तयारी करू?

समाधान : ताई, शब्दार्थाने फरक असा: इंटरव्ह्यूत एकजण विचारतो आणि दुसरा उत्तर देतो, इंटरॅक्शनमध्ये दोन्हीकडून बोलणं होतं. सोळाव्या शतकात इंग्रजीत ‘इंटरव्ह्यू’ म्हणजे दोन राजेमहाराजांची समारंभपूर्वक भेट. तिथून तो नर्सरीच्या दारापर्यंत उतरला.

पण शाळांनी हा शब्द का बदलला ते भाषेपेक्षा कायद्यात सापडेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ मुलाची किंवा पालकांची कुठलीही निवडचाचणी घ्यायला मनाई करतं. पहिल्या उल्लंघनाला २५ हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. कायदा पहिली ते आठवीच्या शिक्षणाचा आहे, आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो लागू नसल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला; उपनगरांतल्या कित्येक नावाजलेल्या कॉन्व्हेंट शाळा त्यात येतात. त्यामुळे तुमची शाळा कुठल्या प्रकारची हे आधी बघा. बाकी ‘इंटरव्ह्यू’ म्हटलं तर पंचाईत होते आणि ‘इंटरॅक्शन’ म्हटलं की गप्पा वाटतात, ही त्या शब्दाची सोय.

तयारी म्हणाल तर पाठ केलेली वाक्यं नकोत, ती ओळखू येतात. ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ हे एक वाक्य जवळ ठेवा. आणि अडलात तर सरळ मराठीत बोला. आई कोणत्या भाषेत बोलते यावर ज्या शाळेचं मत ठरतं, तिथे तुमच्या मुलाची सगळी वर्षं जायची आहेत. तेव्हा परीक्षा शाळेचीही आहे असं समजून बसा.

शंका : मी घाटकोपरला राहतो, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पस प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमध्ये दोनदा बाहेर पडलो. आमच्या वादविवाद मंडळात मी पहिला असतो!

समाधान : दोन शब्दांत उत्तर तुझ्याच पत्रात आहे. ‘डिबेट’ हा शब्द ‘मारणं, ठोकणं’ या अर्थाच्या धातूतून आला आहे आणि ‘डिस्कशन’ ‘हलवून सुटं करणं’ यातून. तू गेलास ठोकायला, ते बघत होते की विषय कोण मोकळा करतो. डिबेटमध्ये बाजू नेमून दिलेली असते आणि ती सोडली की हार. डिस्कशनमध्ये दुसऱ्याच्या मुद्द्याने आपलं मत थोडं हललेलं दिसलं तर गुण मिळतात.

एक अडचण आपल्या सवयीची आहे. सकाळच्या फास्ट लोकलमधला ग्रुप ऐक. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा ते उचलतो, तिसरा पुरं करतो, आणि कोणालाच त्यात अपमान वाटत नाही. उलट गप्प बसणाऱ्याला विचारतात, ‘काय रे, बरं नाही का?’ डेबोरा टॅनेन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ साली एका सणाच्या जेवणावरच्या बोलण्याचा बारीक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात न्यूयॉर्ककडचे पाहुणे असेच एकमेकांच्या वाक्यांवर चढून बोलत होते, आणि त्यांना तो आपलेपणा वाटत होता. बाकीच्यांना वाटलं, आपल्याला बोलू देत नाहीत. ग्रुप डिस्कशनचे परीक्षक त्या बाकीच्यांतले असतात. तेव्हा वाक्य पुरं होऊ दे, आणि शिरायचं तर ‘कॅन आय कम इन हिअर?’ म्हणून शीर. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ टाळ. ते ऐकताच इंग्रज माणूस सावरून बसतो, कारण पुढे आदर येणार नाही हे त्याला माहीत असतं. ‘आय सी इट अ लिटल डिफरंटली’ पुरे.

शंका : डायलॉग दोघांतच होतो का? तिघं असतील तर ट्रायलॉग म्हणायचं का? कॉन्व्हर्सेशन वेगळं कसं? (मुलुंड पश्चिम, ज्येष्ठ नागरिक)

समाधान : ‘डायलॉग’मधला ‘डाया’ म्हणजे दोन नव्हे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘आरपार, मधून’. त्यामुळे दहा जणांतही डायलॉग होऊ शकतो. ‘ट्रायलॉग’ या गैरसमजातूनच निघाला, पण कोशात जाऊन बसला. आज डायलॉग म्हणजे ज्यांचं पटत नाही अशा पक्षांचं समजूत व्हावी म्हणून चाललेलं बोलणं. सासू-सुनेत, दोन देशांत, बिल्डर आणि भाडेकरूंत.

कॉन्व्हर्सेशनची गोष्ट अधिक रंगतदार आहे. मुळात त्याचा अर्थ बोलणं नव्हताच. सहवास, वागणूक, कोणाबरोबर ऊठबस. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो वागणुकीसाठीच येतो. इंग्लंडच्या कायद्यात तर ‘क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे परस्त्रीशी संबंध. नवरा त्याबद्दल भरपाईचा दावा लावू शकत असे, तो दावा १८५७ मध्ये बंद झाला. आपल्या ‘बोलणंचालणं’ या जोडीत हे दोन्ही अर्थ अजून शेजारी शेजारी नांदतात. ‘त्यांचं बोलणंचालणं बंद आहे’ म्हणतो तेव्हा आपण फक्त शब्दांबद्दल सांगत नसतो.

जाता जाता: पॉल ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञाने १९७५ च्या एका निबंधात म्हटलं की प्रत्येक संभाषणामागे एक ‘को-ऑपरेटिव्ह प्रिन्सिपल’ असतं. गरजेपुरतं बोला, खरं बोला, विषयाला धरून बोला, स्पष्ट बोला. आमच्या को-ऑपरेटिव्ह सोसायटीच्या सभांना ग्राइस आले असते तर त्यांनी निबंध पुन्हा लिहिला असता.

शंका : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक डॉक्टर गुडघेदुखीवर पाऊण तास बोलणार आहेत. निमंत्रण इंग्रजीत आहे. टॉक, लेक्चर, अ‍ॅड्रेस की ओरेशन? (बोरिवली)

समाधान : टॉक. लेक्चर म्हणजे मुळात वाचन, आणि घरोघरी त्याला दुसरा अर्थही आहे. अ‍ॅड्रेस प्रसंगाला असतो, पदवीदान किंवा उद्घाटन. ओरेशन डॉक्टरांच्या परिषदांत कोणाच्या तरी स्मरणार्थ होतं, गुडघ्याचं नाही. आणि मराठी निमंत्रणात ‘व्याख्यान’ बिनदिक्कत लिहा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून त्या शब्दाने हृदयविकारापासून ग्रहगोलांपर्यंत सगळं पेललं आहे.

शंका : मराठी मासिकात इंग्रजी शिकवण्याचं सदर चालवता, लाज वाटत नाही का? (पत्ता नाही)

समाधान : नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईत निघाला, त्याच्या पुढच्याच वर्षी ज्ञानप्रसारक सभा सुरू झाली आणि दादोबा पांडुरंग तिथे मराठीतून नव्या विद्यांची चर्चा घडवू लागले. एकाच वेळी दोन्ही भाषा नीट शिकणारी माणसं या शहरात तेव्हापासून आहेत. मुलुंडच्या सचिवांना मात्र तुमच्या वतीने सांगतो: सोसायटीचे उपविधी मराठीत उपलब्ध आहेत, सूचक-अनुमोदक, ठराव, इतिवृत्त हे सगळे शब्द तयार आहेत, तेव्हा नोटीस एकाच कागदावर दोन्ही भाषांत काढा आणि मराठी मजकूर वर ठेवा.

शंका : इंटरकॉमवर ‘मायसेल्फ अमुक फ्रॉम बी विंग’ म्हटलं की नातू हसतो. (घाटकोपर पूर्व)

समाधान : ‘धिस इज अमुक फ्रॉम बी विंग.’ फोनवर स्वतःला ‘धिस’ म्हणायचं, समोरासमोर ‘आय अ‍ॅम’. नातवाला विचारा, इंटरकॉमवर ‘मी बोलतोय’ एवढंच सांगून फोन ठेवणाऱ्यांना इंग्रजीत काय म्हणतात. त्याला आलं तर मलाही कळवा.